नाव तेच, जमीन वेगळी : शहरी लोकसभा मतदारसंघाच्या सीमा आणि निकाल कसे वाचावेत

एखाद्या शहरी लोकसभा मतदारसंघाचा इतिहास लिहायला बसले की पहिला मोह खासदारांची यादी करण्याचा होतो. एका बाजूला साल, दुसऱ्या बाजूला नाव, तिसऱ्या रकान्यात पक्ष, आणि काम संपले असे वाटते. दक्षिण मुंबईच्या बाबतीत मी हेच केले होते. एका स्थानिक अंकासाठी लिहिलेल्या लेखात काँग्रेसचे मिलिंद देवरा यांची मते २००४ ते २००९ या पाच वर्षांत जवळजवळ दुप्पट झाली, असे मी मोठ्या आत्मविश्वासाने नोंदवले होते. अंक निघाल्यावर लालबागमधल्या एका वाचकाने कळवले की २००४ साली त्यांच्या मतदान यंत्रावर देवरांचे नावच नव्हते. तिथे लढत मोहन रावले आणि सचिन अहिर यांच्यात होती. मी दिलेले दोन्ही आकडे बरोबर होते आणि त्यांतून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा होता, कारण २००४ चा ‘मुंबई दक्षिण’ आणि २००९ चा ‘मुंबई दक्षिण’ हे नावापुरतेच एक होते. पुढची कार्यपद्धती त्या चुकीतून शिकलेली आहे. उदाहरण दक्षिण मुंबईचे घेतले असले तरी पद्धत कोणत्याही वाढत्या किंवा ओसरत्या शहराला लागू पडेल.

आजची सीमा आधी पक्की करावी

इतिहासाची सुरुवात १९५२ पासून करू नये. ती आजपासून करून मागे जावे. आजच्या सीमेचा अधिकृत दस्तऐवज म्हणजे १९ फेब्रुवारी २००८ पासून अमलात आलेला मतदारसंघ पुनर्रचनेचा आदेश. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे तो तयार केला. हा आदेश राजपत्रात प्रसिद्ध झाला की त्याला कायद्याचे बळ मिळते आणि संविधानाच्या ३२९ व्या अनुच्छेदामुळे त्याला न्यायालयात सहसा आव्हान देता येत नाही. त्यामुळे वर्तमानपत्रातला नकाशा, पक्ष कार्यालयाच्या भिंतीवरचा नकाशा आणि आदेशातला मजकूर यांत तफावत आढळली, तर आदेश प्रमाण मानावा.

आदेशात लोकसभा मतदारसंघाचे वर्णन रस्ते आणि गल्ल्यांनी केलेले नसते, विधानसभा मतदारसंघांच्या नावांनी केलेले असते. पुनर्रचनेच्या कायद्यानुसार प्रत्येक विधानसभा मतदारसंघ संपूर्णपणे एकाच लोकसभा मतदारसंघात बसला पाहिजे, तो दोघांत विभागता येत नाही. म्हणजे विधानसभा मतदारसंघ ही वीट आहे आणि लोकसभा मतदारसंघ ही त्या विटांची भिंत. ३१ क्रमांकाचा मुंबई दक्षिण हा वरळी (१८२), शिवडी (१८३), भायखळा (१८४), मलबार हिल (१८५), मुंबादेवी (१८६) आणि कुलाबा (१८७) या सहा विटांचा बनलेला आहे. विधानसभा क्षेत्राची सीमा जमिनीवर कुठून जाते हे पाहायचे असेल, तर आदेशाच्या आणखी आत शिरावे लागते आणि तिथे जनगणनेचे वॉर्ड आणि प्रगणन गट (जनगणनेसाठी पाडलेले छोटे तुकडे) यांची भाषा सुरू होते. ती रुक्ष आहे, पण ती टाळून अचूक नकाशा काढता येत नाही.

इथे मुंबईकर हमखास घसरतो तो ‘वॉर्ड’ या शब्दावर. आपल्या बोलण्यात या एकाच शब्दाचे तीन अर्थ आहेत. महापालिकेचे प्रशासकीय विभाग, म्हणजे ए, बी, सी, डी, ई, एफ दक्षिण, जी दक्षिण वगैरे, हा पहिला. नगरसेवक निवडून देणारा प्रभाग हा दुसरा, आणि जनगणनेचा वॉर्ड हा तिसरा. तिघांच्या सीमा एकमेकींवर नेमक्या बसतील असे गृहीत धरू नये. दक्षिण मुंबईत ए ते ई हे विभाग आणि एफ दक्षिण व जी दक्षिण यांचा मोठा भाग येतो, असे ढोबळमानाने म्हणता येते. पण प्रभादेवीचा काही भाग पालिकेच्या दृष्टीने जी दक्षिण विभागात असूनही विधानसभेला माहीम मतदारसंघात, म्हणून लोकसभेला दक्षिण मध्यमध्ये मोडतो. पाण्याच्या तक्रारीसाठी ज्या विभाग कार्यालयात आपण जातो, त्यावरून आपला खासदार ठरवायला गेले तर अशा ठिकाणी फसगत होते. एखाद्या इमारतीचा प्रश्न असेल तर तिथल्या कोणाही मतदाराची मतदार यादीतील नोंद पाहावी. तिच्यावर विधानसभा मतदारसंघाचा क्रमांक आणि यादीचा भाग क्रमांक दोन्ही छापलेले असतात, आणि वाद तिथेच मिटतो.

मग फेररचनेच्या भिंती ओळखाव्यात

मागे जाताना कालखंड निवडणुकांनी पाडू नयेत, पुनर्रचनेने पाडावेत. स्वतंत्र भारतात पुनर्रचना आयोगाचे चार कायदे झाले : १९५२, १९६२, १९७२ आणि २००२. महाराष्ट्रात याचा परिणाम १९६७, १९७७ आणि २००९ या लोकसभा निवडणुकांत ठळकपणे दिसतो. या तिन्ही निवडणुका नव्या सीमांवर झालेल्या पहिल्या निवडणुका होत्या. १९७७ ते २००४ हा सत्तावीस वर्षांचा आणि नऊ निवडणुकांचा पट्टा एकाच आखणीवर गेला, म्हणून त्या पट्ट्यातील तुलना बऱ्यापैकी निर्धोक असते. हा पट्टा इतका लांबला याचे कारण १९७६ ची ४२ वी घटनादुरुस्ती. तिने १९७१ च्या जनगणनेनंतरचे जागावाटप गोठवले. पुढे ८४ व्या आणि ८७ व्या दुरुस्तीने राज्यांच्या वाट्याच्या जागा तशाच ठेवून राज्यांतर्गत सीमा नव्या जनगणनेप्रमाणे आखायला वाट मोकळी करून दिली. म्हणूनच २००८ च्या फेररचनेत महाराष्ट्राच्या ४८ जागा ४८ च राहिल्या, मात्र त्यांच्या आतली जमीन हलली.

ती किती हलली हे पाहण्यासाठी कोणत्याही राजकीय विश्लेषणाची गरज नाही, जनगणनेचे चार आकडे पुरतात. १९७१ साली मुंबई बेटाची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंतच्या शहराची, लोकसंख्या सुमारे ३०.७ लाख होती आणि उपनगरांची सुमारे २९ लाख. दोन्ही तागड्या जवळजवळ सारख्या असल्याने १९७७ पासूनच्या आखणीत मुंबईच्या ३४ विधानसभा जागांपैकी १७ शहराला आणि १७ उपनगरांना मिळाल्या होत्या. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३३.४ लाखांवर होती, तर उपनगरांची ८६.४ लाखांवर गेली होती. मुंबईच्या वाट्याला या वेळी ३६ जागा आल्या. एकूण ११९.८ लाखांपैकी ३३.४ लाख म्हणजे साधारण २८ टक्के, आणि ३६ चे २८ टक्के म्हणजे दहा. शहराला दहाच जागा मिळाल्या, उपनगराला सव्वीस. त्रैराशिक इतके सरळ आहे की ज्यांना त्या वेळी ही फेररचना कोणाच्या तरी सोयीसाठी केली असे वाटत होते, त्यांनी एकदा कागद-पेन्सिल घेऊन हे गणित करून पाहावे.

सतराच्या दहा झाल्या म्हणजे विधानसभेच्या यादीत शहराच्या सात जागा कमी झाल्या. जुन्या यादीत कुलाबा, उमरखाडी, मुंबादेवी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस, मलबार हिल, चिंचपोकळी, नागपाडा, माझगाव, परळ, शिवडी, वरळी, नायगाव, दादर, माटुंगा, माहीम आणि धारावी अशी नावे होती. आजच्या यादीत उमरखाडी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस, चिंचपोकळी, नागपाडा, माझगाव, परळ, नायगाव, दादर आणि माटुंगा ही दहा नावे सापडत नाहीत. त्यांच्या जागी भायखळा, वडाळा आणि सायन-कोळीवाडा ही तीन नवी नावे आली आहेत. जुने कागद चाळताना ‘परळचे आमदार’ असा उल्लेख दिसला तर कागद २००९ च्या आधीचा आहे हे लगेच ओळखता येते.

क्रमांकांकडेही लक्ष ठेवावे. जुन्या आखणीत राज्यातली मोजणी कोकणातून सुरू होत असे, राजापूर पहिला आणि मुंबई दक्षिण चौथा. नव्या आखणीत ती नंदुरबारपासून सुरू होऊन हातकणंगल्याला संपते आणि मुंबई दक्षिणचा क्रमांक ३१ लागतो. संगणकावर तक्ता करताना क्रमांकाला ओळखीची खूण मानून जुने-नवे निकाल जोडले, तर दक्षिण मुंबईचे मतदार भलत्याच जिल्ह्यात जाऊन बसतात.

एका मतदारसंघाचे दोन पूर्वज

आता मुख्य काम. आजच्या सहा विटा फेररचनेपूर्वी कोणत्या भिंतीत होत्या ते पाहावे. कुलाबा, उमरखाडी, मुंबादेवी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस आणि मलबार हिल हे सहा जुन्या मुंबई दक्षिणमध्ये होते. चिंचपोकळी, नागपाडा, माझगाव, परळ, शिवडी आणि वरळी हे सहा जुन्या मुंबई दक्षिण मध्यमध्ये होते. कडेचे तुकडे सोडले तर या बारा जुन्या क्षेत्रांचे मिळून आजचे सहा झाले आहेत. थोडक्यात, आजचा मुंबई दक्षिण हा जुन्या दोन लोकसभा मतदारसंघांचा वारस आहे, आणि ‘दक्षिण मध्य’ हे नाव घेऊन जो मतदारसंघ आज उभा आहे तो धारावी, सायन-कोळीवाडा, वडाळा, माहीम या शहरातल्या चार आणि चेंबूर, अणुशक्तीनगर या उपनगरातल्या दोन क्षेत्रांचा आहे. नाव वारशाने मिळाले एकाला आणि जमीन गेली दुसऱ्याकडे, असा हा प्रकार आहे.

म्हणून दक्षिण मुंबईच्या इतिहासाला १९७७ ते २००४ या काळासाठी दोन समांतर रकाने लागतात. पहिल्या रकान्यात, म्हणजे जुन्या दक्षिणमध्ये, १९७७ आणि १९८० मध्ये जनता पक्षाचे रतनसिंह राजदा, १९८४, १९८९ आणि १९९१ मध्ये काँग्रेसचे मुरली देवरा, १९९६ मध्ये भाजपच्या जयवंतीबेन मेहता, १९९८ मध्ये पुन्हा देवरा, १९९९ मध्ये पुन्हा मेहता आणि २००४ मध्ये मिलिंद देवरा. व्यापारी पेठा, मलबार हिलचे उच्चभ्रू, डोंगरी-उमरखाडीची दाट मुस्लिम वस्ती आणि गिरगावातल्या मराठी चाळी यांच्या तोलावर काँग्रेस आणि भाजप आलटून पालटून येथे जिंकत राहिले, असे चित्र या रकान्यातून उभे राहते.

दुसरा रकाना वाचला की वेगळेच शहर समोर येते. जुन्या दक्षिण मध्यमध्ये १९७७ ला बी. सी. कांबळे, १९८० ला आर. आर. भोळे, १९८४ ला अपक्ष दत्ता सामंत, १९८९ ला शिवसेनेचे वामनराव महाडिक आणि १९९१ पासून २००४ पर्यंत सलग पाच वेळा शिवसेनेचेच मोहन रावले. यातले १९८४ हे साल थांबून वाचण्यासारखे आहे. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या त्या निवडणुकीत देशभर काँग्रेसची लाट होती, शेजारच्या मतदारसंघात मुरली देवरा पहिल्यांदा निवडून येत होते, आणि परळ-वरळीच्या मतदारांनी मात्र १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाच्या नेत्याला लोकसभेत पाठवले होते. संप तोवर व्यवहारात हरला होता. ही गोष्ट ‘मुंबई दक्षिणचे खासदार’ या एकेरी यादीत कधीच दिसणार नाही, आणि तरीही तो आजच्या मुंबई दक्षिणच्याच जमिनीचा इतिहास आहे. माझ्या मते हा रकाना गाळून लिहिलेला दक्षिण मुंबईचा कोणताही इतिहास अर्धाच असतो.

सीमा हलल्याचा आणखी एक पुरावा खासदारांच्या स्थलांतरातून मिळतो आणि तो तपासून पाहण्याची सवय ठेवावी. २००९ साली मोहन रावले दक्षिण मध्य सोडून दक्षिणमध्ये लढले. उत्तर मध्यचे खासदार एकनाथ गायकवाड दक्षिण मध्यमधून निवडून आले, वायव्य मुंबईच्या प्रिया दत्त उत्तर मध्यमध्ये आल्या आणि ईशान्य मुंबईचे गुरुदास कामत वायव्यमध्ये गेले. एका निवडणुकीत शहरातले चार विद्यमान खासदार शेजारच्या नावाखाली उभे राहिलेले दिसले, तर सीमा बदलल्या असाव्यात हे आदेश न उघडताही कळते.

जागावाटपावरही याचा परिणाम झाला. १९८९ पासून युतीत जुनी दक्षिण भाजपकडे आणि दक्षिण मध्य शिवसेनेकडे असे. २००४ ला दुसऱ्या बाजूने काँग्रेस दक्षिणमध्ये आणि राष्ट्रवादी दक्षिण मध्यमध्ये लढली. दोन मतदारसंघ एकात मिसळल्यावर प्रत्येक आघाडीतल्या एकाला बाजूला व्हावे लागणे अटळ होते. २००९ पासून मुंबई दक्षिणच्या मतदान यंत्रावर कमळ दिसलेले नाही. पण तेवढ्यावरून भाजपचा मतदार नाहीसा झाला असे कोणी लिहिले, तर मलबार हिलचे विधानसभेचे निकाल त्याला लगेच खोटे पाडतात, कारण तिथून मंगलप्रभात लोढा १९९५ पासून सातत्याने निवडून येत आहेत.

१९५२ ते १९७१ : नावांचे सापळे

याच्याही मागे जायचे असेल तर कागद कुठे ठेवले आहेत हे आधी समजून घ्यावे. १९५२ आणि १९५७ चे निकाल मुंबई राज्याखाली सापडतात, महाराष्ट्राखाली नाही, कारण राज्याची स्थापना १ मे १९६० ची. इंग्रजी अहवालांत शहराचे जुने नाव असल्याने शोध दोन्ही नावांनी घ्यावा लागतो.

या काळातला सर्वांत मोठा सापळा १९५२ चा ‘मुंबई शहर उत्तर’ हा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राखीव जागेवर काँग्रेसच्या नारायण सदोबा काजरोळकर यांच्याकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. आजचा उत्तर मुंबई मतदारसंघ म्हणजे बोरिवली, दहिसर, मागाठाणे, कांदिवली पूर्व, चारकोप आणि मालाड पश्चिम. तेव्हाचा ‘शहर उत्तर’ म्हणजे मुंबई बेटाचा उत्तर भाग, आणि उपनगरांसाठी तेव्हा वेगळा मतदारसंघ होता. तरीही बाबासाहेब ‘उत्तर मुंबईतून’ हरले असे वाक्य आजही सहज लिहिले जाते आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बोरिवली येते. शिवाय तो द्विसदस्य मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण जागा आणि एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते होती. अशा ठिकाणी उमेदवारांच्या मतांची बेरीज मतदारांच्या संख्येपेक्षा जास्त दिसू शकते. टक्केवारी काढण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. १९५७ मध्ये श्रीपाद अमृत डांगे ज्या ‘मुंबई शहर मध्य’मधून निवडून आले तोही द्विसदस्यच होता. ही पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली.

दक्षिण टोकाचा इतिहास या काळात तुलनेने सरळ आहे. मुंबईचे तीन वेळा महापौर राहिलेले स. का. पाटील १९५२, १९५७ आणि १९६२ असे तिन्ही वेळा निवडून आले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने काँग्रेसला झोडपले त्या १९५७ मध्येही त्यांनी आपली जागा राखली. १९६७ ला, नव्या सीमांवर, केंद्रीय रेल्वेमंत्री असलेल्या पाटलांना संयुक्त समाजवादी पक्षाच्या जॉर्ज फर्नांडिस यांनी हरवले आणि ‘जायंट किलर’ हे बिरुद मिळवले. १९७१ ला ती जागा काँग्रेसच्या एन. एन. कैलास यांच्याकडे गेली.

पोटनिवडणुका विसरू नयेत, कारण सार्वत्रिक निवडणुकांच्या अहवालात त्या नसतात. शेजारच्या मुंबई मध्यचे खासदार रा. धों. भंडारे १९७३ मध्ये बिहारचे राज्यपाल झाले आणि जानेवारी १९७४ च्या पोटनिवडणुकीत डांगे यांच्या कन्या, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. नुसती १९७१ आणि १९७७ ची यादी जोडणाऱ्याला त्यांचे नाव दिसतच नाही.

आकडे वाचताना

पुन्हा माझ्या चुकीकडे येतो. २००४ मध्ये मिलिंद देवरांना १,३७,९५६ आणि जयवंतीबेन मेहतांना १,२७,७१० मते पडली; मताधिक्य १०,२४६. २००९ मध्ये देवरांना २,७२,४११, मनसेचे बाळा नांदगावकर यांना १,५९,७२९ आणि रावले यांना १,४६,११८ मते पडली, मताधिक्य १,१२,६८२. मते दुप्पट आणि मताधिक्य अकरा पट. पण टक्केवारी काढली की चित्र उलटते : २००४ मध्ये देवरांना वैध मतांपैकी जवळपास निम्मी मिळाली होती, २००९ मध्ये ४२ टक्क्यांच्या आसपास. मतदारसंघाचा आकार वाढला म्हणून मते वाढली आणि विरोधी मते दोघांत फुटली म्हणून मताधिक्य वाढले. सीमा बदलल्यावर मतांची संख्या कधीही शेजारी शेजारी ठेवू नये. ठेवायचीच असतील तर २००९ च्या शेजारी २००४ च्या दक्षिण आणि दक्षिण मध्य या दोन्हींची बेरीज ठेवावी, आणि तरीही ती ढोबळ आहे असे लिहावे.

नांदगावकर आणि रावले यांची मते मिळून ३,०५,८४७ होतात, म्हणजे देवरांपेक्षा तेहतीस हजारांनी जास्त. यावरून ‘मनसे नसती तर शिवसेना जिंकली असती’ असे अनुमान सर्रास काढले जाते. ही बेरीज नोंदवण्यास हरकत नाही, परंतु मनसेचा प्रत्येक मतदार शिवसेनेकडे गेला असता हे आकडा सांगत नाही. काही घरीच बसले असते, काही देवरांकडेही गेले असते. बेरीज लिहावी आणि ‘असती’ गाळावी, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे.

टक्केवारीचा छेदही तपासावा. २०१४ पासून लोकसभेला ‘नोटा’ आले; काही तक्ते नोटासह एकूण मतांवर टक्केवारी काढतात, काही नोटा वगळून वैध मतांवर. अनामत वाचण्यासाठी लागणारा एक षष्ठांश हिस्सा वैध मतांवर मोजतात. मतदानाची टक्केवारी मात्र नोंदणीकृत मतदारांवर काढली जाते, आणि शहरात ती कमी दिसण्यामागे मतदारांचा आळस हे एकच कारण नसते. घर सोडून गेलेल्यांची नावे यादीत वर्षानुवर्षे राहतात आणि छेद फुगतो. बेटाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३०.९ लाखांपर्यंत खाली आली होती, हे लक्षात घेता दक्षिण मुंबईत ही शंका घेण्यास विशेष जागा आहे.

पक्षाचे नाव आणि माणूस

२०१४ पासून तीन निवडणुका अरविंद सावंत यांनी जिंकल्या आहेत. २०१४ ला त्यांनी देवरांचा १,२८,१४८ मतांनी, २०१९ ला १,००,०६७ मतांनी आणि २०२४ ला यामिनी जाधव यांचा ५२,६७३ मतांनी पराभव केला. सीमा तीनही वेळा एकच असल्याने हे आकडे शेजारी ठेवता येतात. पण पक्षाच्या रकान्यात इथे काळजी लागते. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘शिवसेना’ हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या पक्षाला दिले, त्यामुळे २०२४ च्या अधिकृत तक्त्यात ‘शिवसेना’ हे नाव यामिनी जाधव यांच्यासमोर आणि ‘शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)’ हे सावंत यांच्यासमोर आहे. संगणकाला पक्षाच्या नावाने गट पाडायला सांगितले तर शिवसेनेने ही जागा २०२४ ला गमावली असे उत्तर येते, आणि खासदार मात्र तोच असतो. १९६९ ची काँग्रेसची फूट किंवा १९७७ नंतरचा जनता परिवार यांच्या बाबतीतही हेच. पक्षाचे नाव अधिकृत कागदात जसे आहे तसेच उतरवावे आणि फुटीचा खुलासा वेगळ्या रकान्यात द्यावा; आपल्या सोयीने नाव बदलू नये.

एकूण मताधिक्य हा मतदारसंघाचा सर्वांत कमी बोलणारा आकडा असतो. त्याच्या आत शिरण्यासाठी ‘नमुना २०’ म्हणजे अंतिम निकालपत्रक पाहावे; राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ते विधानसभा क्षेत्रानुसार आणि मतदान केंद्रानुसार मिळते. २०२४ चे मुंबई दक्षिणचे निकालपत्रक विटांमध्ये फोडले तर जाधव यांना मलबार हिलमध्ये सुमारे ४८ हजारांची आणि कुलाब्यात सुमारे नऊ हजारांची आघाडी दिसते, तर सावंत यांना भायखळ्यात सुमारे ४६ हजारांची, मुंबादेवीत सुमारे ४१ हजारांची, शिवडीत सुमारे १७ हजारांची आणि वरळीत ६,७१५ मतांची. यामिनी जाधव या त्या वेळी भायखळ्याच्याच आमदार होत्या. मराठी चाळींचा आणि गिरण्यांचा पट्टा मानल्या जाणाऱ्या शिवडी-वरळीने मिळून दिलेली आघाडी भायखळा किंवा मुंबादेवी यांपैकी कोणत्याही एका क्षेत्रापेक्षा कमी निघाली, हे तर ५२,६७३ या आकड्यात मुळीच दिसत नाही. सहा क्षेत्रांची बेरीज करून ती एकूण मतांशी ताडून पाहावी. थोडा फरक राहिला तर घाबरू नये, टपाली मते वेगळी मोजलेली असतात.

मतदान केंद्राच्या पातळीवर उतरायचे असेल तर केंद्राच्या क्रमांकावर विश्वास ठेवू नये. मतदारसंख्या वाढली-घटली की केंद्रांची पुनर्मांडणी होते, एकाची दोन होतात, शाळेऐवजी सोसायटीच्या आवारात जातात, आणि २०१४ चे केंद्र क्रमांक १०० हे २०२४ च्या १०० क्रमांकाशी जुळेलच असे नाही. यादी भागाच्या पहिल्या पानावर त्या भागात येणाऱ्या इमारती आणि रस्ते दिलेले असतात. जोडणी त्यावरून करावी. काम वेळखाऊ आहे. मला वरळीच्या एका कोपऱ्यातल्या काही केंद्रांसाठी दोन रविवार लागले.

शेवटी लोकसभा आणि विधानसभा यांची तुलना. एकाच वर्षात, एकाच सीमेवर झालेल्या दोन निवडणुका तुलनेला सोयीच्या असतात; वरळीचे २०२४ चे उदाहरण घ्यावे. मे महिन्यात सावंत यांना तिथे ६४,८४४ मते होती. नोव्हेंबरमध्ये त्याच पक्षाच्या आदित्य ठाकरे यांना ६३,३२४ मते पडली, म्हणजे मतांचा गठ्ठा जवळजवळ जिथल्या तिथे. मताधिक्य मात्र ६,७१५ वरून ८,८०१ झाले, आणि हरलेले उमेदवार होते मिलिंद देवरा, आता शिवसेनेचे. मताधिक्य वाढले म्हणून पाठिंबा वाढला असे लिहिण्याचा मोह इथे होतो. तक्त्यातला तिसरा उमेदवार पाहिला की तो ओसरतो : मे महिन्यात मनसेने महायुतीला पाठिंबा दिला होता, नोव्हेंबरमध्ये मनसेचे संदीप देशपांडे स्वतः उभे होते आणि त्यांना १९,३६७ मते पडली होती.